नेटवर्क आर्किटेक्टचा अमेरिकेतला पगार: ऑफर कशी वाचायची, गाव कसं निवडायचं

गेल्या वर्षी भाच्याचा फोन आला. हिंजवडीत सहा वर्षं राउटर-स्विच सांभाळून मग इकडे एमएस केलेला मुलगा, हातात दोन ऑफर. "मामा, सॅन होजेला १ लाख ४० हजार, डॅलसला १ लाख १८ हजार. यात विचारायचं काय म्हणा, सॅन होजेच ना?" मी म्हटलं, आधी कागद-पेन घे. अर्ध्या तासानं त्या २२ हजारांच्या फरकातले महिन्याला जेमतेम चारशे डॉलर उरले होते, आणि घरभाडं तर आम्ही अजून धरलंही नव्हतं.

तो अर्धा तास इथे सविस्तर मांडतो. नेटवर्किंगमध्ये काम करणाऱ्या आणि अमेरिकेत पहिली किंवा दुसरी नोकरी शोधणाऱ्यांसाठी हा लेख आहे. डॉलरला रुपयांनी गुणायची सवय मात्र पहिल्याच दिवशी सोडा. भाडं, विमा, दूध, पेट्रोल सगळं डॉलरमध्येच जाणार आहे. रुपयांत मोजायची ती फक्त महिनाअखेरीची शिल्लक.

पायरी १: तुमचं पद नक्की कुठल्या खान्यात आहे?

कंपनी ऑफर लेटरवर काहीही लिहो, 'सीनियर नेटवर्क कन्सल्टंट' असो की 'इन्फ्रास्ट्रक्चर लीड', सरकारदरबारी प्रत्येक कामाला एक क्रमांक असतो. त्याला एसओसी कोड म्हणतात. कॉम्प्युटर नेटवर्क आर्किटेक्टचा कोड १५-१२४१. नेटवर्क अँड कॉम्प्युटर सिस्टिम्स ॲडमिनिस्ट्रेटरचा १५-१२४४. शेवटचा आकडा तेवढा वेगळा, पण पगारात जमीन-अस्मानाचा फरक. कामगार सांख्यिकी खात्याच्या, म्हणजे बीएलएसच्या, मे २०२४च्या आकडेवारीत आर्किटेक्टचा मध्यक पगार वर्षाला १,३०,३९० डॉलर आहे आणि ॲडमिनिस्ट्रेटरचा ९६,८००. मध्यक म्हणजे सगळ्यांना पगाराच्या क्रमानं ओळीत उभं केलं तर बरोबर मध्ये येणाऱ्या माणसाचा पगार. अर्धे लोक त्याच्या खाली असतात, हे विसरू नका.

फरक कामाच्या स्वरूपात आहे. नवीन डेटा सेंटरचं स्पाइन-लीफ डिझाइन करणं, बीजीपीचं धोरण ठरवणं, एमपीएलएसवरून एसडी-वॅनवर जायचा आराखडा आणि त्याचा खर्च मांडणं हे आर्किटेक्टचं काम. चालू जाळं चालू ठेवणं, पोर्ट उघडणं, तिकिटं मिटवणं हे ॲडमिनिस्ट्रेटरचं. प्रत्यक्षात आपण दोन्ही करतो. शनिवारी रात्री दोनच्या मेंटेनन्स विंडोला डिझाइन करणारा झोपलेला असतो असं मी तरी पाहिलेलं नाही. पण कागदावर कुठला कोड पडतो त्यावर पगाराचा तळ ठरतो आणि व्हिसाची गणितंही. म्हणून ऑफर आल्यावर एचआरला विचारायचा पहिला प्रश्न हाच: एलसीए कुठल्या एसओसी कोडखाली भरणार? एच-१बी या कामाच्या व्हिसासाठी कंपनी कामगार खात्याकडे जो अर्ज भरते तो एलसीए. प्रश्न विचारल्यानं कोणी ऑफर मागे घेत नाही.

आर्किटेक्टच्या पदाला साधारण पाचेक वर्षांचा अनुभव धरला जातो. पुण्या-मुंबईतला अनुभवही त्यात मोजतात, फक्त रेझ्युमेमध्ये तो 'सपोर्ट' या शब्दाखाली गाडू नका. तिथे केलेलं डिझाइन, किती साइट्स, किती उपकरणं, काय बदललं, ते लिहा. सिस्कोच्या प्रमाणपत्रांपैकी सीसीएनए इथे फारशी दखल घेण्याजोगी राहिलेली नाही. सीसीएनपीला मान आहे. सीसीआयई असेल तर तिची आठ तासांची लॅब परीक्षा काय असते हे मुलाखत घेणाऱ्याला माहीत असतं आणि संभाषणाचा सूरच बदलतो.

पायरी २: त्या गावचा भाव बघा

देशाचा मध्यक पगार तुमच्या उपयोगाचा नाही, तुमच्या महानगर क्षेत्राचा हवा. तो बीएलएसच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. पण आपल्यासारख्यांना त्याहून उपयोगी जागा म्हणजे कामगार खात्याचं फ्लॅग नावाचं संकेतस्थळ. तिथे वेतन शोधाच्या पानावर एसओसी कोड आणि काउंटी टाकली की चार आकडे येतात, लेव्हल १ ते लेव्हल ४. लेव्हल १ नवख्याचा, लेव्हल ४ पूर्ण मुरलेल्याचा. हे आकडे दर १ जुलैला बदलतात. एच-१बीवर माणूस ठेवायचा तर त्याच्या लेव्हलच्या आकड्यापेक्षा कमी पगार कंपनीला देता येत नाही.

तिसरी जागा बऱ्याच जणांना माहीतच नसते. कंपन्यांनी भरलेल्या एलसीएची यादी कामगार खातं दर तिमाहीला जाहीर करतं. त्यात कंपनीचं नाव, पद, कामाचं ठिकाण आणि पगार असतो. एक्सेलमध्ये उघडा, आपली कंपनी गाळून काढा, आपल्यासारख्या पदाला ती त्याच गावात काय देते ते डोळ्यांनी दिसेल. फाइल अवजड आहे, जुना लॅपटॉप रडतो, पण कुठल्याही पगार सांगणाऱ्या ॲपपेक्षा ही माहिती खरी असते. ॲपवर लोक मनाला येईल ते टाकतात. इथे कंपनीनं सही करून लिहिलेलं असतं.

आणखी एक युक्ती. कोलोरॅडो, कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, न्यू यॉर्क या राज्यांत नोकरीच्या जाहिरातीत पगाराची श्रेणी छापणं बंधनकारक आहे, आणि जून २०२५पासून न्यू जर्सीतही. टेक्ससमध्ये तसा कायदा नाही. पण मोठ्या कंपनीचं तेच पद डेन्व्हरलाही निघालेलं असतं. तिथली जाहिरात वाचा, तुमच्या ऑफरच्या जागेचा अंदाज येईल.

पायरी ३: लेव्हलकडे व्हिसाच्या नजरेनंही बघा

पूर्वी एच-१बीची सोडत निव्वळ नशिबाची होती. डिसेंबर २०२५मध्ये जाहीर झालेल्या नियमानं ती पगाराच्या लेव्हलला बांधली. लेव्हल १च्या ऑफरची चिठ्ठी एकदा पडते, लेव्हल २ची दोनदा, ३ची तीनदा आणि ४ची चारदा. लेव्हल ठरते ती त्या पदाच्या त्या गावातल्या आकड्यांवरून.

याचा अर्थ नीट घ्या. जो पगार सॅन होजेत लेव्हल २मध्ये अडकतो, तोच एखाद्या स्वस्त गावात लेव्हल ३ किंवा ४ ओलांडू शकतो. म्हणजे कमी डॉलरची ऑफर सोडतीत जास्त वजनाची ठरू शकते. भाच्याच्या बाबतीत मी हेच आधी तपासायला लावलं. ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या परवान्यावर, असलेल्या माणसाला राहण्याच्या खर्चापेक्षाही हा मुद्दा मोठा आहे, कारण व्हिसा लागला नाही तर शिल्लक मोजायला इथे राहणारच कोण? भारतातून थेट येऊ पाहणाऱ्यांसाठी वाट त्याहून अवघड झाली आहे. सप्टेंबर २०२५च्या घोषणेनं देशाबाहेरच्या माणसासाठी नवा एच-१बी मागणाऱ्या कंपनीवर १ लाख डॉलरचा भार टाकला.

पायरी ४: पगार हातात किती येतो ते मांडा

आता तो कागद-पेनाचा भाग. २०२५च्या दरांनी, एकट्या माणसासाठी, निवासी करदाता धरून.

सॅन होजे, १ लाख ४० हजार. १५,७५० डॉलरची प्रमाणित वजावट काढून केंद्राचा आयकर सुमारे २२,६५०. सोशल सिक्युरिटी (पेन्शनसाठीची कपात) आणि मेडिकेअर (म्हातारपणीच्या उपचारांसाठीची) मिळून ७.६५ टक्के, म्हणजे १०,७१०. कॅलिफोर्नियाचा राज्य आयकर पावणेनऊ हजारांच्या घरात. त्यावर राज्याचा अपंगत्व विमा १.२ टक्के, १,६८०. हातात सुमारे ९६ हजार, महिन्याला ८,००० डॉलर.

डॅलस, १ लाख १८ हजार. केंद्राचा कर सुमारे १७,४००, सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर ९,०२७. टेक्ससमध्ये पगारावर राज्याचा आयकर नाही. हातात साडेएक्याण्णव हजार, महिन्याला ७,६००च्या थोडं वर.

महिन्याला फरक चारशेहून कमी. आता भाडं. सनीवेल-सॅन होजे भागात बऱ्या वस्तीतला एक बेडरूमचा फ्लॅट साधारण २,८०० ते ३,०००. डॅलसजवळच्या अर्विंग किंवा फ्रिस्कोत तसाच फ्लॅट १,४०० ते १,६००. चारशे कमावण्यासाठी चौदाशे घालवायचे, असा हा व्यवहार झाला.

लग्न झालेलं असेल आणि जोडीदार एच-४वर, म्हणजे अवलंबितांच्या व्हिसावर, घरी असेल, तर संयुक्त विवरणपत्रानं कर बराच उतरतो. १ लाख ३० हजारांवर एकट्याला केंद्राचा कर वीस हजारांच्या थोडा वर बसतो, जोडप्याला साडेअकरा हजारांच्या आसपास. पण एका पगारात दोन माणसं जेवतात, हेही त्याच कागदावर लिहा.

ओपीटीवाल्यांसाठी एक गंमत आहे, जी नंतर गंमत राहत नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पहिली पाच कॅलेंडर वर्षं तुम्ही करापुरते अनिवासी असता आणि तेव्हा सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर कापलं जात नाही. भारत-अमेरिका कर-करारामुळे भारतीय विद्यार्थ्याला प्रमाणित वजावटही घेता येते, जी इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. मग १ ऑक्टोबरला एच-१बी लागू होतो, पेढे वाटले जातात, आणि पुढचा पगार ७.६५ टक्क्यांनी कमी येतो. डॅलसच्या ऑफरवर ते महिन्याला साडेसातशे डॉलर होतात. त्या आधीच्या वर्षात ज्यांनी महागड्या गाडीचा हप्ता पगाराला घट्ट बसवला, त्यांची तारांबळ मी पाहिली आहे. उलटही होतं. एखाद्या कंपनीचं पेरोल चुकून ओपीटीवरच्या माणसाचेही हे पैसे कापतं. तसं झालं तर आधी कंपनीकडून परत मागायचे.

ही सोशल सिक्युरिटी वाया जाते का, असं सगळे विचारतात. भारताचा अमेरिकेशी याबाबत करार नाही, त्यामुळे इथली वर्षं तिथे जोडता येत नाहीत. ४० क्रेडिट, म्हणजे साधारण दहा वर्षांचं काम झालं, की पेन्शनचा हक्क लागतो. नऊ वर्षांनी परत जाणाऱ्यानं हे लक्षात ठेवून तिकीट काढावं.

पायरी ५: निर्देशांक वापरा, पण त्याच्या भरवशावर राहू नका

ब्यूरो ऑफ इकॉनॉमिक ॲनालिसिस हे सरकारी खातं दरवर्षी प्रादेशिक भावपातळीचा निर्देशांक काढतं. देशाची सरासरी १००. कॅलिफोर्निया ११२-११३च्या आसपास, न्यू जर्सी १०९च्या जवळ, आर्कान्सा आणि मिसिसिपी ८७च्या आगेमागे. पगाराला या आकड्यानं भागून १००नं गुणलं की दोन गावं तुलनेला येतात.

यात दोन खाचखळगे आहेत. एक, राज्याचा आकडा घेऊ नका, महानगराचा घ्या. टेक्सस राज्य १००च्या खाली आहे, पण डॅलस महानगर १००च्या थोडं वर, कारण राज्याची सरासरी लहान गावांनी खाली ओढलेली आहे आणि नेटवर्कच्या नोकऱ्या लहान गावांत नाहीत. दुसरा, हा निर्देशांक सरासरी अमेरिकन घराचा खर्च धरतो. आपलं घर तसं चालत नाही. तूरडाळ, तांदूळ, बटाटे सनीवेलला आणि अर्विंगला जवळपास सारख्याच भावात मिळतात. दोन गावांतला खरा फरक भाड्यात, पाळणाघरात, विजेत आणि गाडीच्या विम्यात असतो. म्हणून हे चार आकडे स्वतः काढा. भाड्याच्या जाहिरातीवर विश्वास नसेल तर केंद्राचं गृहनिर्माण खातं दर वर्षी प्रत्येक भागाचं 'फेअर मार्केट रेंट' जाहीर करतं, त्यावर नजर टाका.

पायरी ६: गावं, जशी मला दिसली तशी

न्यू जर्सीपासून सुरू करतो, कारण माझी पहिली सात वर्षं तिथे गेली. नेटवर्कवाल्यांसाठी हे राज्य म्हणजे शेअर बाजाराचं तळघर आहे. न्यू यॉर्क स्टॉक एक्सचेंजचं डेटा सेंटर मावामध्ये, नॅसडॅकचं कार्टरेटमध्ये, आणि मधल्या सिकॉकसला इक्विनिक्सच्या इमारतींत ट्रेडिंग कंपन्यांची यंत्रं. इथे मायक्रोसेकंदाला किंमत आहे, मल्टिकास्ट आणि लो-लेटन्सी स्विचिंग येणाऱ्याला चांगला भाव मिळतो, आणि बोनस हा शब्द पगाराइतकाच गंभीरपणे घेतला जातो. राहायला एडिसन-इसेलिन. ओक ट्री रोडवर थालीपीठाच्या भाजणीपासून सगळं मिळतं, एक बेडरूम दोन हजार ते बावीसशेला. मेट्रोपार्क स्टेशनहून ट्रेननं मॅनहॅटनला जाता येतं, पण कामाची जागा मॅनहॅटन असेल तर आयकर आधी न्यू यॉर्क राज्याला जातो आणि न्यू जर्सी आपल्या करातून तो वजा करते. शहराचा कर मात्र बाहेर राहणाऱ्याला लागत नाही. बऱ्याच वेळा घरून काम केलं तरी न्यू यॉर्क राज्य त्या दिवसांचाही कर मागतं. गाडीचा विमा महाग. थंडीचा खर्च वेगळा: कोट, बूट, टायर.

व्हर्जिनियातलं ॲशबर्न, लाउडन काउंटी. डेटा सेंटर ॲली म्हणतात ते हेच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खिडक्या नसलेल्या प्रचंड इमारती, आत जगभरातली वाहतूक. डिझाइनच्या कामाला याहून श्रीमंत जागा नाही. पण अर्ज करण्याआधी जाहिरातीचा तळ वाचा. इथल्या खूपशा नोकऱ्या सरकारी कंत्राटाच्या असतात, त्यांना सिक्युरिटी क्लिअरन्स लागतो आणि त्यासाठी नागरिकत्व. एच-१बीवाल्याचा त्यात निष्कारण वेळ जातो. आणि या राज्यात गाडीवर दरवर्षी मालमत्ता कर भरावा लागतो, नव्या गाडीवर तो चांगलाच झोंबतो.

डॅलसच्या उत्तरेला रिचर्डसन. टेलिकॉम कॉरिडॉर म्हणून जुनं नाव. सेवा पुरवणाऱ्या कंपन्या, बँकांची मोठी कार्यालयं, त्यामुळे एंटरप्राइझ नेटवर्कचं काम मुबलक. टोल रस्ते जागोजागी, गाडीशिवाय पान हलत नाही. वीज कोणाकडून घ्यायची ते तुम्ही निवडायचं असतं. राज्याच्या पॉवर टू चूज संकेतस्थळावर दर बघा, पण पहिल्या पानावरचा अतिस्वस्त प्लॅन ठरावीक युनिटांनंतरच स्वस्त होतो, ते बारीक अक्षरांत असतं. जुलै-ऑगस्टमध्ये एसी बंद करण्याचा विचारसुद्धा करता येत नाही.

नॉर्थ कॅरोलायना, रॅली-केरी-मॉरिसव्हिल. १९५९पासूनचं रिसर्च ट्रँगल पार्क, त्यात सिस्कोचा मोठा कॅम्पस. राज्याचा कर २०२५ला सरसकट ४.२५ टक्के, २०२६पासून ३.९९. भाडं डॅलसच्या जवळपास. माझं मत विचाराल तर मुलं असलेल्या नेटवर्कवाल्यासाठी हिशेब इथे सगळ्यात चांगला बसतो. अडचण एकच: नोकरी गेली तर दुसरी कंपनी रस्त्यापलीकडे नसते. एच-१बीवर नोकरी सुटल्यावर हातात साठ दिवस असतात, तेव्हा हा मुद्दा छोटा वाटत नाही.

आणि इथेच बे एरियाची, म्हणजे सॅन होजेच्या परिसराची, बाजू घ्यायला हवी, नाहीतर अन्याय होईल. सिस्को सॅन होजेत, अरिस्टा सांता क्लारात, ज्युनिपर सनीवेलची आणि जुलै २०२५पासून एचपीई या कंपनीच्या मालकीची. ज्या पेट्यांवर आपण आयुष्यभर काम करतो त्या जिथे बनतात ते हे गाव. पगाराबरोबर आरएसयू, म्हणजे टप्प्याटप्प्यानं हाती येणारे कंपनीचे शेअर, मिळतात, दर दोन-तीन वर्षांनी उडी मारता येते. ऑफरमध्ये शेअर भरपूर असतील, कंपनी बाजारात नोंदलेली असेल आणि तुम्ही रूममेटबरोबर राहायला तयार असाल, तर वरचं सगळं गणित उलटतं. भाच्याच्या सॅन होजेच्या ऑफरमध्ये शेअर नव्हते. म्हणून डॅलस.

पायरी ७: घर भाड्यानं घेताना

बहुतेक अपार्टमेंट कॉम्प्लेक्स महिन्याचं उत्पन्न भाड्याच्या तिप्पट मागतात. पे-स्टब, म्हणजे पगाराची पावती, नसेल तर सही केलेलं ऑफर लेटर चालतं. अडतं ते क्रेडिट हिस्ट्रीवर. नव्या माणसाला ती नसते, मग जास्त डिपॉझिट मागतात. कॅलिफोर्नियात जुलै २०२४पासून बहुतेक घरमालकांना एका महिन्याहून जास्त डिपॉझिट घेता येत नाही, न्यू जर्सीत दीड महिना ही मर्यादा. टेक्ससमध्ये मर्यादा नाही. पहिला महिना शक्यतो कोणाच्या तरी घरातली खोली घ्या. गावोगावच्या महाराष्ट्र मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांत दर आठवड्याला अशी खोली निघते, आणि गणपतीच्या आधी गेलात तर ओळखीही होतात.

लीजमधलं नोटिशीचं कलम वाचा. माझं पहिलं घर सोडताना मी पुण्याच्या हिशेबानं महिनाभर आधी सांगितलं. करारात साठ दिवस होते. रिकाम्या घराचं एक महिन्याचं भाडं भरलं, वर कार्पेटचे तीनशे.

पायरी ८: पगाराच्या बाहेरचे मोठे खर्च

आरोग्य विमा कंपनी देते, पण फुकट नाही. कैसर फॅमिली फाउंडेशनच्या २०२४च्या पाहणीत कुटुंबाच्या विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २५,५७२ डॉलर होता आणि त्यातले ६,२९६ कर्मचाऱ्याच्या पगारातून कापले जात होते. त्यावर डिडक्टिबल, म्हणजे विम्याचे पैसे सुरू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम, वेगळं. दोन ऑफर सारख्या असतील तर विम्याच्या हप्त्याचं पत्रक मागा. लहान कंपनी कर्मचाऱ्याचा हप्ता भरते पण बायको-मुलांचा जवळजवळ सगळा तुमच्यावर टाकते, असं पुष्कळदा होतं. महिन्याला हजार डॉलरचा फरक तिथेच पडू शकतो.

लहान मूल असेल तर पाळणाघराचा आकडा भाड्याच्या शेजारी लिहा. महागड्या गावांत तो महिन्याला दोन हजारांच्या पुढे जातो. जोडीदाराला एच-४वर नोकरी करता येत नाही, ग्रीन कार्डच्या ठरावीक टप्प्यानंतर ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, मिळेपर्यंत. ४०१(के) या निवृत्तीच्या बचत खात्यात कंपनी जितकं जुळवते तितकं तरी घाला. परत जायचं असलं तरी ते पैसे तुमचेच राहतात.

पायरी ९: तासाच्या दराची ऑफर

कन्सल्टन्सीवाले तासाचा दर सांगतात. वर्षाचे २,०८० तास धरून ६५ डॉलरचे १,३५,२०० होतात आणि डोळे दिपतात. पण सुट्टी म्हणजे बिनपगारी. दहा सरकारी सुट्ट्या आणि दोन आठवड्यांची पुण्याची फेरी धरली तर वीस दिवस गेले, १०,४०० डॉलर कमी. विमा बहुधा स्वतःचा.

माझी पहिली नोकरी अशीच होती, कंपनीचं नाव नको. डिसेंबरात क्लायंटनं दोन आठवडे चेंज फ्रीझ, म्हणजे जाळ्यात कुठलाही बदल बंद, लावला आणि मला सांगण्यात आलं, काम नाही तर पगार नाही. मी एच-१बीवर होतो आणि त्या काळाचा पगार देणं कायद्यानं कंपनीवर बंधनकारक होतं, हे मला दोन वर्षांनी कळलं. बेंचवरही, म्हणजे क्लायंटचं काम नसतानाही, पगार द्यावा लागतो. एलसीएची प्रत मागून घ्या, ती मिळणं तुमचा हक्क आहे.

पायरी १०: बोलणी, आणि गाव बदलताना

कॅलिफोर्नियासह काही राज्यांत कंपनीला तुमचा आधीचा पगार विचारता येत नाही. विचारला तरी रुपयांतला आकडा सांगू नका. "या पदाचा या काउंटीतला लेव्हल ३चा आकडा अमुक आहे, मी तिथून पुढे बघतोय," एवढं म्हटलं तरी समोरचा सावध होतो. मूळ पगार हलत नसेल तर जॉइनिंग बोनस, स्थलांतराचा खर्च, ग्रीन कार्डचा अर्ज कधी सुरू करणार, ऑन-कॉलचे पैसे, यांतलं काहीतरी मागा. ग्रीन कार्डचं लेखी मागा.

डिझाइनचं काम घरून होतं, मग सॅन होजेचा पगार घेऊन केरीला राहावं ही कल्पना सगळ्यांना सुचते. दोन गोष्टी तपासा. बऱ्याच कंपन्या गावानुसार पगार कमी करतात. आणि एच-१बीवर कामाची जागा त्या महानगर क्षेत्राबाहेर गेली तर कंपनीला सुधारित अर्ज भरावा लागतो, २०१५च्या सिमेओ निकालापासून हे पक्कं आहे. मॅनेजरनं चॅटवर "नो प्रॉब्लेम" लिहिलं म्हणून सामान हलवू नका. इमिग्रेशन वकिलाचा ईमेल येऊ द्या.

पहिला पे-स्टब आला की एवढ्या ओळी बघा: पगाराचा दर एलसीएइतका आहे का, राज्य बरोबर आहे का, ओपीटीवर असाल तर सोशल सिक्युरिटी शून्य आहे का, विम्याची कपात ठरल्याइतकीच आहे का. भाच्याच्या पहिल्या स्टबवर राज्य कॅलिफोर्निया पडलं होतं, कारण कंपनीचं मुख्यालय तिकडचं. तीन ईमेल आणि दोन पगारांनंतर ते सुधारलं.